खोटे ठरलेले भाकीत: क्लाउडमागच्या विजेचा इतिहास

१/२२
३१ मे १९९९ रोजी ‘फोर्ब्स’ या अमेरिकी नियतकालिकात पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. आणखी कोळसा खणा, संगणक येत आहेत, असा त्याच्या शीर्षकाचा आशय होता. अमेरिकेतील ८ टक्के वीज एकटे इंटरनेट खाते आणि दशकभरात देशातील निम्मी वीज संगणकांच्या दुनियेला लागेल, असे त्यात म्हटले होते. हे भाकीत साफ खोटे ठरले. ते खोटे का ठरले आणि पंचवीस वर्षांनंतर तशीच भीती पुन्हा का व्यक्त होत आहे, याचा हा इतिहास. (थ्रेड)

२/२२
संगणक आणि उष्णता यांचे नाते संगणकाइतकेच जुने आहे. १९४६ मध्ये फिलाडेल्फियात जगासमोर आलेल्या ‘एनियॅक’मध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॅट वीज लागे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. गणिते करून यंत्रात शिरलेली वीज कोठेही साठत नाही. ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून संगणक चालवण्यासाठी एकदा वीज लागते आणि त्याची उष्णता बाहेर काढण्यासाठी पुन्हा एकदा.

३/२२
मग गणितासाठी किमान किती ऊर्जा लागते? आयबीएममधील भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये याचे उत्तर मांडले. माहितीचा एक बिट पुसला की ठरावीक, अत्यल्प उष्णता बाहेर पडणे अटळ आहे. परंतु प्रत्यक्षातील यंत्रे या मर्यादेच्या कितीतरी पट ऊर्जा वापरत होती आणि आजही वापरतात. याचा अर्थ काटकसरीला प्रचंड वाव होता. पुढील सहा दशकांचा इतिहास हा बहुतांशी तो वाव संपवत जाण्याचा इतिहास आहे.

४/२२
काटकसरीचा सर्वांत मोठा वाटा ट्रान्झिस्टरने उचलला. १९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसवूनही त्या जागेची उष्णता वाढत नाही. २०११ मध्ये जोनाथन कूमी यांनी एनियॅकपासूनच्या यंत्रांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की, एका युनिट विजेत होणारी गणिते सरासरी दर दीड वर्षाच्या आसपास दुप्पट होत आली होती.

५/२२
हा प्रवास सरळ मात्र नव्हता. १९८० च्या दशकात आयबीएमची मोठी यंत्रे इतकी तापत की, त्यांच्या चिप्सजवळून थंड पाणी फिरवावे लागे. १९८५ च्या ‘क्रे-२’ महासंगणकाची मंडले तर एका वीजरोधक द्रवात बुडवलेली असत. १९९४ पासून आयबीएमने आपल्या मोठ्या यंत्रांसाठी जुने बायपोलर तंत्र सोडून सीमॉस हे कमी विजेचे तंत्र स्वीकारले आणि पाण्याचे पाइप निघून गेले. संगणकविश्वाने उष्णतेचे एक संकट तंत्र बदलून टाळले होते. तो उपाय कायमचा नव्हता, हे पुढे कळणार होते.

६/२२
१९९९ च्या भाकिताकडे पुन्हा वळू. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कूमी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या लेखातील गृहीतके एकेक करून तपासली. उपकरणांची संख्या, प्रत्येकाची वीज, रोजचे तास असा साधा हिशेब त्यांनी केला. कार्यालयीन आणि दूरसंचार उपकरणे आणि ती बनवण्याची वीज धरूनही आकडा अमेरिकेच्या एकूण वापराच्या ३ टक्क्यांच्या आसपास येत होता. तरीही निम्म्या विजेची गोष्ट वर्षानुवर्षे भाषणांतून आणि अहवालांतून फिरत राहिली. मोजमापापेक्षा भाकीत अधिक वेगाने पसरते, याचा हा एक नमुना.

७/२२
भाकीत चुकीचे असले तरी काळजीचे कारण खोटे नव्हते. २००० नंतर इंटरनेट कंपन्यांचे सर्व्हर मोठमोठ्या दालनांत भरू लागले. त्याच सुमारास डेनार्ड यांचा नियम थकला. ट्रान्झिस्टर लहान होत राहिले, परंतु विद्युतदाब पूर्वीसारखा उतरेना आणि वीज गळू लागली. २००४ मध्ये इंटेलने अतिवेगवान चिपचा आपला ‘तेहास’ प्रकल्प सोडून दिला आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. फुकटात मिळणारी बचत आता आटत चालली होती.

८/२२
डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकी संसदेने एक छोटा कायदा केला. डेटा सेंटरांच्या विजेचा अभ्यास करा, असा आदेश त्याद्वारे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेला देण्यात आला. ऑगस्ट २००७ मध्ये अहवाल आला. २००६ मध्ये ही केंद्रे सुमारे ६,१०० कोटी युनिट वीज वापरत होती, म्हणजे देशाच्या वापराच्या १.५ टक्के, बिल सुमारे ४५० कोटी डॉलर. २००० च्या तुलनेत वापर दुपटीहून अधिक झाला होता. सवयी बदलल्या नाहीत, तर २०११ पर्यंत तो १०,००० कोटी युनिटांपलीकडे जाईल, असा इशारा अहवालाने दिला.

९/२२
ही वीज नेमकी जात कोठे होती? एचपीचे ख्रिस्तोफर मेलोन आणि ख्रिश्चन बेलाडी यांनी याच काळात एक साधे गुणोत्तर मांडले. इमारतीला लागणारी एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना मिळणारी वीज. त्याला ‘पीयूई’ म्हणतात. २००७ मध्ये ‘द ग्रीन ग्रिड’ या उद्योगसंघाने ते प्रचारात आणले. आदर्श आकडा १. त्या वेळी तो २ च्या घरात असणे ही सर्वसाधारण गोष्ट होती. म्हणजे संगणकाला एक युनिट पोहोचवताना आणखी एक युनिट वातानुकूलन, बॅटरी-व्यवस्था, ट्रान्सफॉर्मर आणि दिवे यांत खर्च होत होते.

१०/२२
उधळपट्टीमागे भीती होती. सर्व्हर बिघडला तर व्यवस्थापकाची नोकरी जाई; वीजबिल मात्र बहुधा दुसऱ्याच विभागाच्या खात्यावर पडे. म्हणून दालने शीतगृहासारखी गार ठेवली जात. थंड आणि गरम हवा एकमेकींत मिसळे, ती चूक वेगळीच. आयबीएममधील रॉबर्ट सलिव्हन यांनी १९९२ मध्येच यावर उपाय सुचवला होता. सर्व्हरच्या रांगा समोरासमोर तोंडे करून लावाव्यात. एका बोळात थंड हवा, पुढच्या बोळात गरम. कपाटांची दिशा बदलण्यास जवळजवळ काहीच खर्च नव्हता, तरी ही पद्धत सर्वदूर रुळण्यास बरीच वर्षे लागली.

११/२२
भीती घालवण्यास प्रयोगच कामी आले. नोव्हेंबर २००७ ते जून २००८ या काळात मायक्रोसॉफ्टमध्ये बेलाडी आणि शॉन जेम्स यांनी काही सर्व्हर उघड्यावरच्या एका साध्या तंबूत चालवले. तंबूत पाणी ठिबकले, वाऱ्याने कुंपण येऊन आदळले, एका यंत्राने झाडाचे पान ओढून घेतले. एकही सर्व्हर बंद पडला नाही. त्याच वर्षी इंटेलने न्यू मेक्सिकोत ९०० सर्व्हरांचा दहा महिन्यांचा प्रयोग पूर्ण केला. निम्म्या दालनात बाहेरची धुळकट हवा जवळजवळ जशीच्या तशी सोडली होती. तेथील बिघाडाचे प्रमाण ४.४६ टक्के होते. कंपनीच्या त्या ठिकाणच्या मुख्य दालनात ते ३.८३ टक्के होते.

१२/२२
फरक होता, पण तो किरकोळ होता. वातानुकूलनाच्या विजेत मात्र सुमारे ६७ टक्के बचत होऊ शकते, असा इंटेलचा अंदाज होता. अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने २००४ मध्ये सर्व्हरसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस केली होती. २००८ मध्ये ती १८ ते २७ अंश करण्यात आली. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या दोन अंशांनी वर्षातील कितीतरी अधिक तास बाहेरच्या हवेवर दालन थंड ठेवणे शक्य केले.

१३/२२
दुसरी उधळपट्टी यंत्रांच्या आत होती. २००१ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जेफ चेस आणि सहकाऱ्यांनी मांडले की, कामाचा भार कमी असेल तेव्हा तो मोजक्या सर्व्हरांवर गोळा करून उरलेले झोपवता येतील. डिसेंबर २००७ मध्ये गूगलचे लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झ्ले यांनी हजारो सर्व्हरांची आकडेवारी प्रसिद्ध केली. बहुतेक यंत्रे बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करत होती. आणि काहीही काम न करणारा सर्व्हरही पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज घेत होता. कामाच्या प्रमाणात वीज घेणारी यंत्रे घडवा, ही त्यांची मागणी पुढील दशकभराच्या सर्व्हर-रचनेचे सूत्र ठरली.

१४/२२
रिकाम्या यंत्रांवरचा उपाय मुळात जुना होता. एका महाग यंत्रावर अनेक जणांना स्वतंत्र यंत्राचा आभास द्यायचा, ही युक्ती आयबीएमने १९६० च्या दशकात शोधली आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ म्हणून बाजारात आणली. स्वस्त सर्व्हर आल्यावर तिची गरज वाटेनाशी झाली. प्रत्येक कामाला एक वेगळे यंत्र घेतले जाऊ लागले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने तीच युक्ती साध्या सर्व्हरांवर आणली. २००३ मध्ये तर चालू असलेले ‘आभासी यंत्र’ न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे शक्य झाले.

१५/२२
२००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि ‘क्लाउड’ हा शब्द रूढ होऊ लागला. एका कार्यालयाचा सर्व्हर रात्री रिकामा असतो. हजारो ग्राहकांची कामे एकत्र आली की, एकाची रात्र दुसऱ्याच्या दिवसाने भरून निघते. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या आणि अँटन बेलोग्लाझोव यांनी आभासी यंत्रे कधी आणि कोठे हलवावीत, किती सर्व्हर बंद ठेवावेत, याच्या रीती तपशिलाने मांडल्या. पेच एकच होता: यंत्रे फार दाटीने भरली तर ग्राहकाचे काम रेंगाळते, सैल ठेवली तर वीज वाया जाते.

१६/२२
इमारतीही बदलल्या. एप्रिल २०११ मध्ये फेसबुकने ओरेगॉनमधील प्राइनव्हिल येथील केंद्राचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. तेथे यांत्रिक शीतकरणाऐवजी बाहेरची हवा आणि पाण्याचे तुषार वापरले होते, पीयूई १.०७ होता. त्याच उन्हाळ्यात नियंत्रणातील चुकीने गरम, दमट हवा परत आत ओढली गेली आणि सर्व्हरांवर अक्षरशः ढग दाटून पाणी ठिबकले. ‘क्लाउड’मध्ये खरोखरीचा ढग आला! काही यंत्रे निकामी झाली आणि नव्या रचनेत वीजपुरवठ्याच्या भागांना रबराचे संरक्षण आले.

१७/२२
फिनलंडमधील हामिना येथे बंद पडलेली एक कागदगिरणी गूगलने २००९ मध्ये विकत घेतली. गिरणीसाठी खडकात खोदलेल्या जुन्या बोगद्यातून फिनलंडच्या आखाताचे थंड पाणी आणून २०११ पासून सर्व्हर थंड ठेवले जाऊ लागले. २०१६ मध्ये याच कंपनीच्या डीपमाइंड शाखेने पंप, पंखे आणि शीतयंत्रे यांचे नियोजन स्वतः शिकणाऱ्या प्रणालीकडे दिले आणि शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे जाहीर केले. हाताने करण्याजोग्या सुधारणा संपल्यावरही काही बचत शिल्लक होती.

१८/२२
परिणाम काय झाला? २००७ च्या अहवालाने वर्तवलेली वाढ झालीच नाही. २०१० नंतर अमेरिकेतील डेटा सेंटरांचा वापर जवळजवळ स्थिरावला आणि २०१४ मध्ये तो सुमारे ७,००० कोटी युनिट होता. २०२० मध्ये एरिक मसानेट, कूमी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात जगाचा हिशेब मांडला. २०१० ते २०१८ या काळात संगणनाचे काम ५५० टक्क्यांनी वाढले. वीज वाढली सुमारे ६ टक्के. २०१८ चा एकूण वापर सुमारे २०,५०० कोटी युनिट, म्हणजे जगाच्या विजेच्या १ टक्क्याच्या आसपास. कोणतीही मिरवणूक न निघालेले अभियांत्रिकीचे हे एक मोठे यश आहे.

१९/२२
या यशाला दोन कडा आहेत. पहिली मोजमापाची. पीयूई इमारतीची कार्यक्षमता सांगतो, कामाची नव्हे. निरुपयोगी सर्व्हर बंद केले की, एकूण वीज घटते, पण गुणोत्तर बिघडू शकते, कारण भागाकारातील खालचा आकडाच लहान होतो. शिवाय तुषारांनी हवा थंड केली की, विजेची बचत होते आणि पाण्याचा खर्च वाढतो. पीयूईमध्ये पाणी दिसत नाही. म्हणून २०११ मध्ये ‘द ग्रीन ग्रिड’ला पाण्यासाठी वेगळे मोजमाप आणावे लागले.

२०/२२
दुसरी कड जुनीच आहे. १८६५ मध्ये इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी लिहिले की, वाफेची इंजिने कोळशाची बचत करू लागल्याने कोळशाचा एकूण खप वाढतो, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या ठिकाणी वापरली जाते. संगणन स्वस्त झाले तेव्हा तेच घडले. जगाच्या सरासरीआड स्थानिक ताण दडला होता: आयर्लंडच्या मोजलेल्या वीजवापरात डेटा सेंटरांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, २०२३ मध्ये तो २१ टक्के झाला, म्हणजे तेथील सर्व शहरी घरांच्या वापराहून अधिक.

२१/२२
मग कृत्रिम बुद्धिमत्ता आली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालानुसार अमेरिकी केंद्रांचा वापर २०२३ मध्ये १७,६०० कोटी युनिटांवर, म्हणजे देशाच्या ४.४ टक्क्यांवर पोहोचला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने जगाचा वापर २०२४ मधील ४१,५०० कोटी युनिटांवरून २०३० पर्यंत ९४,५०० कोटींच्या आसपास जाईल. २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या एका कपाटाला सुमारे १२० किलोवॅट लागतात. एनियॅकचे अख्खे दालन १५० घेत होते. चिप्सवरून फिरणारे पाण्याचे पाइपही परतले आहेत.

२२/२२
हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारातही आहे. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा समूह मुंबई, ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात उभा राहिला आहे. परंतु ओरेगॉनची कोरडी हवा किंवा हामिनाचे गार पाणी कोकणपट्टीला मिळणार नाही. मे महिन्याच्या दमट हवेत तुषारांनी फारसा गारवा येत नाही. येथे यांत्रिक शीतकरण, द्रव-शीतकरण आणि यंत्रांची नेटकी भरणी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

१९९९ चे भाकीत ढोबळ अंदाजावर उभे होते. ते पाडले नेमक्या हिशेबाने. २००७ चा इशारा मात्र मोजून दिलेला होता आणि तो खरा ठरू नये म्हणून हजारो अभियंत्यांनी कपाटे फिरवली, तापमान वाढवले, रिकामी यंत्रे बंद केली. त्यांतील बरीचशी बचत एकदाच करता येण्याजोगी होती. पीयूई १.१ वर आला की, त्याखाली उरते केवळ ०.१. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने ५०० किलोवॅटपासून पुढच्या केंद्रांना आपला वीजवापर कळवणे बंधनकारक केले, यामागे हाच अनुभव आहे. २०३० चे भाकीत खरे ठरेल की खोटे, हे आज ठरलेले नाही. मागच्या वेळी ते ठरवण्याची सुरुवात संसदेने मागितलेल्या एका हिशेबापासून झाली होती.